कंपनीत आयुष्य काढलेली पिढी आता घरचा रस्ता विसरतेय

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, कारण विषय आपल्यातल्या बऱ्याच घरांचा आहे आणि त्यावर आपण फक्त दार बंद करून बोलतो.

पिंपरी-चिंचवडला आपण अजूनही तरुण शहर समजतो. नोकरीसाठी बॅग घेऊन आलेल्या पोरांचं शहर. भाषणांतही तेच, आयटी, मेट्रो, चाकणची गुंतवणूक. पण जरा हिशोब करा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली १९५४ साली. टेल्को, बजाज साठच्या दशकात. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आष्टी, पाटोद्याकडून माणसं इकडे आली ती मिळेल त्या कंपनीत चिकटली. तेव्हा विशी-बाविशीत असलेला माणूस आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन २००७ साली थांबलं, म्हणजे तिथून शेवटी शेवटी घरी आलेलेही आता म्हातारे झाले. ज्या पिढीने हे शहर उभं केलं ती पिढी आता औषधाच्या डब्यावर आली आहे. आणि त्यातल्या अनेकांना त्या डब्यातली सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती हे कळेनासं झालंय.

डिमेन्शिया. मराठीत स्मृतिभ्रंश. आपल्याकडे आधी त्याला नावं दुसरीच होती: म्हातारचळ, भ्रमिष्टपणा, "साठी बुद्धी नाठी". या म्हणीने जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या व्हायरसने केलं नसेल. कारण म्हण झाली की आजार राहत नाही, तो स्वभाव होतो. आणि स्वभावाला औषध नसतं, फक्त टोमणे असतात.

आकडा एकच सांगतो. ज्येष्ठांच्या आरोग्यावर देशभर झालेल्या लासी-डॅड या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, साधारण ८८ लाख माणसं. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. आपल्या भाषेत सांगायचं तर हजार म्हाताऱ्यांमागे सत्तर-पंच्याहत्तर. तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दोनशे सभासद असतील तर चौदा-पंधरा. आता म्हणाल, आमच्या कट्ट्यावर तर असं कुणी दिसत नाही. दिसणार कसं? ज्याला पत्त्याचा डाव लक्षात राहत नाही तो आधी कट्ट्यावर यायचा बंद होतो. मग आपण म्हणतो, "पाटील हल्ली खाली उतरत नाहीत, गुडघे गेले वाटतं."

आमच्या घरचं सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीत चौतीस वर्षं प्रेस शॉपला होते. सुरुवात विसरण्यापासून झाली नाही. सुरुवात झाली हिशोबापासून. आमच्या बिल्डिंगच्या भिशीचा हिशोब तेच ठेवायचे, वीस वर्षं एक रुपया इकडचा तिकडे नाही. आणि एका दिवाळीला त्यांना बेरीजच जमेना. वही घेऊन दोन तास बसले, मग म्हणाले, "तुम्ही लोकांनी पैसे उचललेत." चिडचिड, संशय. मग पीएमपीएमएलच्या बसमधून चिंचवडला उतरायचं ते निगडीला उतरले. मग एके दिवशी पहाटे पाचला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टॉपवर जाऊन उभे राहिले. कंपनीच्या बसची वाट बघत. पहिली पाळी. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली होती.

आम्ही हिशोबाच्या त्या दिवाळीपासून दवाखाने करत होतो. एका डॉक्टरने सांगितलं, वय झालं. दुसऱ्याने ताकदीची इंजेक्शनं दिली. तिसऱ्या ठिकाणी फाइल बघायच्या आधी एमआरआय लिहून दिला. आजाराचं नाव घेणारा, दोन खुर्च्या मांडून एक दादांसाठी आणि एक आईसाठी ठेवणारा डॉक्टर मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं. ही गोष्ट आमच्याच घरची नाही. या दोन वर्षांत मी जेवढ्या घरांशी बोललो, सगळीकडे हे दीड-दोन वर्षं जातातच.

म्हणून आधी ओळखायचं कसं ते लिहितो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं म्हणजे डिमेन्शिया नाही, ते मलाही होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडणं आणि तो तिथे कसा गेला याचा मागच काढता न येणं, हे वेगळं. नाव पटकन न आठवणं आणि थोड्या वेळाने आठवणं हे वयाचं. दहा मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा, पुन्हा, पुन्हा विचारणं आणि आपण विचारला होता हेच माहीत नसणं, हे वयाचं नाही. चाळीस वर्षं आमटी केलेल्या बाईला फोडणी आधी की डाळ आधी हे सुचेनासं होणं. कुकर लावून गॅस विसरणं. ओळखीच्या गल्लीत चुकणं. जो माणूस दुकानदाराला एक रुपया जास्त द्यायचा नाही तो फोनवरच्या कुणालाही ओटीपी सांगतो. जो कधी शिवी देत नव्हता तो देतो. कधी कधी तर विसरणं मागून येतं, स्वभाव बदलणं आधी.

आणि सगळ्यात जास्त घरं मोडणारं लक्षण: "सुनेने माझे पैसे चोरले." स्वतः पाकीट गादीखाली ठेवायचं, विसरायचं, आणि मेंदूने ती रिकामी जागा भरून काढायची. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. पण सुनेला रोज सकाळी चोर ठरवलं जातं आणि नणंद गावाहून फोन करून विचारते, "वहिनी, नक्की काय चाललंय?" गावाहून आलेल्या पाहुण्याचं आणखी वेगळं. दोन तास बसतो, त्या दोन तासांत तात्या १९७८ च्या संपाची गोष्ट तारखेसकट सांगतात, आणि पाहुणा जाताना म्हणतो, "तात्या तर ठणठणीत आहेत, तुम्हीच उगाच." जुनं टिकतं, नवीन टिकत नाही. हा आजाराचाच गुण आहे. पाहुण्यांना प्लीज सांगा.

मोशी, चिखली, कुरुळी, चाकण इकडच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. मुलगा कंपनीत परमनंट झाला, वन बीएचके घेतला, आणि आई-वडिलांना विदर्भातून, खानदेशातून, मराठवाड्यातून घेऊन आला. गावात सगळं ठीक होतं. इथे आल्यावर महिन्याभरात आई भांबावली, रात्री उठून "घरी जायचं" म्हणायला लागली. लोक म्हणतात शहराचं पाणी लागलं, कुणी म्हणतं बाहेरचं झालं, कुणी देवऋषाकडे नेतं. बऱ्याचदा आजार गावातच सुरू झालेला असतो. पण गावात घर तेच, विहीर तीच, दारावरून जाणारा माणूस तोच, त्यामुळे पाय आपोआप चालत असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या सारख्या दिसणाऱ्या चार दारांपुढे ते उघडं पडतं. मुलगा तिसऱ्या पाळीला, सून कुठल्या तरी व्हेंडर कंपनीत पॅकिंगला, आणि घरात एक म्हातारी जिला लिफ्टचं बटण कळत नाही.

आता उपचार. इथे दोन्हीकडचे गैरसमज आहेत. एक, "याला औषधच नाही, दवाखान्यात नेऊन काय करायचं?" दुसरा, "अमुक तेल, अमुक काढा, ब्रेन टॉनिक, तीन महिन्यांत स्मरणशक्ती परत." दोन्ही चूक.

दवाखान्यात न्यायचं त्याचं पहिलं कारण हे की विसरण्याची काही कारणं दुरुस्त होतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, खोलवर गेलेलं नैराश्य, झोपेच्या किंवा सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणं. डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त. दुचाकीवरून पडलेला, बाथरूममध्ये घसरलेला म्हातारा "काही नाही लागलं" म्हणतो आणि महिन्याभराने बडबडायला लागतो. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि ऑपरेशनने माणूस परत येतो. आणि हे लक्षात ठेवा: डिमेन्शिया महिन्या-वर्षांत वाढतो. एक-दोन दिवसांत एकदम भान गेलं, असंबद्ध बोलायला लागले, तर तो लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असेल, मीठ कमी झालं असेल, साखर खाली गेली असेल, अर्धांगाचा झटका असेल. त्याच दिवशी दवाखाना.

तपासणी म्हणजे एमआरआय नव्हे. तपासणी म्हणजे आधी घरच्या माणसाकडून नीट ऐकून घेणं, मग स्मरणशक्तीच्या प्रश्नांची चाचणी, रक्त, मग गरज असेल तसा स्कॅन. त्या प्रश्नांचीही गंमत आहे. "आजची तारीख काय", "शंभरातून सात वजा करा" हे प्रश्न शाळा शिकलेल्यांसाठी आहेत. जी बाई शाळेत गेलीच नाही तिला ते विचारून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगढला नव्वदच्या दशकात यासाठीच निरक्षर लोकांना लागू पडेल अशी हिंदी चाचणी तयार केली होती. आपल्याकडच्या डॉक्टरांना माझी विनंती, आमच्या आयांना शंभरातून सात वजा करायला लावू नका. महिना कोणता, सण कोणता होऊन गेला, बाजारात पाचशेची नोट दिली तर परत किती येतील, हे विचारा.

अल्झायमरसाठी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन अशी औषधं आहेत. जेनेरिकमध्ये फार महाग नाहीत. ती आजार बरा करत नाहीत. काही जणांमध्ये काही काळ गाडी उतारावर जरा हळू जाते, एवढंच. कुणाला मळमळ होते, कुणाची नाडी मंदावते, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून घ्यायची नाहीत. रात्री आरडाओरडा करतात म्हणून झोपवायच्या गोळ्या परस्पर वाढवणं तर धोक्याचंच, त्याने पडणं वाढतं, म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

गोळी हा उपचाराचा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे सांभाळणं. आणि तो कुणाच्या अंगावर पडतो हे मी सांगायला नको. बायको, सून, लग्न न झालेली मुलगी. माझी आई सत्तर वर्षांची आहे. दादांच्या मागे दिवसातून पाच-सहा वेळा जिना उतरते. रात्री ते तीनदा उठतात, म्हणजे तीही तीनदा उठते. दीड वर्षात दादांचं वजन होतं तेवढंच राहिलं, आईचं नऊ किलो कमी झालं. दादांना तीन डॉक्टरांनी तपासलं. आईला "तुम्ही झोपता का?" हे चौथ्याने विचारलं.

हे कसं करता येतं याचं उदाहरण शेजारीच आहे, गोव्यात. तिथे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शिया असलेल्या ८१ कुटुंबांवर एक नीट चाचणी केली, २००८ साली ती प्रसिद्ध झाली. मोठं हॉस्पिटल नाही, मशीन नाही. स्थानिक भाषा येणाऱ्या, जेमतेम बारावीपर्यंत शिकलेल्या, पण या कामाची आवड असलेल्या माणसांना आठवडाभर कसून प्रशिक्षण दिलं. त्यांनी सहा महिने, साधारण पंधरा दिवसांतून एकदा तरी, घरी जायचं. आजार काय आहे ते समजावायचं, चिडल्यावर काय करायचं, अंघोळ कशी घालायची, घरातल्या बाकीच्यांनी काम कसं वाटून घ्यायचं, सरकारी योजना कुठल्या, हे सगळं बोलायचं. मागे एक मनोविकारतज्ज्ञ, तोही अर्धवेळ. निकाल काय लागला? म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती परत आली नाही, येणारच नव्हती. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा होणारा त्रास कमी झाला. पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी घरी येऊन ऐकून घेतं, एवढ्यावर.

ही गोष्ट सतरा-अठरा वर्षांपूर्वी सिद्ध झाली. केरळ सरकारने २०१४ साली 'स्मृतिपदम' नावाने डिमेन्शियासाठी डे केअर आणि निवासी केंद्रांचा कार्यक्रम सुरू केला. देशातल्या श्रीमंत महापालिका मोजताना आपलं नाव अभिमानाने घेतो ना आपण? मग हे आपल्याकडे का नको?

मला जे मागायचंय ते फार नाही. वायसीएममध्ये मनोविकार विभाग आहे, मेडिसिन आहे, पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर आहेत. आठवड्यातला एक ठराविक वार आणि एक ठराविक खोली फक्त स्मृतीच्या तक्रारींसाठी ठेवा, आणि पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात त्याचा मराठीत बोर्ड लावा. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयातही महिन्यातून एक दिवस तसाच. म्हाताऱ्या माणसाला घेऊन नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमधून पिंपरीला येणं काय असतं हे चाकणकरांना विचारा. दर वॉर्डात दोन माणसं गोव्यासारखी तयार करा, घरी जाणारी. आणि हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकू नका. त्यांच्याकडे आधीच सतरा सर्व्हे आहेत. पगार देऊन माणसं नेमा.

दिवसा सांभाळण्याची जागा ही तिसरी गोष्ट. विरंगुळा केंद्रं आपल्याकडे आहेत. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, दोन प्रशिक्षित बायका, एक बंद होणारं गेट, थोडी गाणी, थोडं काम. दादांच्या हातात नट-बोल्टचा डबा दिला की ते एक तास आकारानुसार लावत बसतात, एकदम शांत. आईला तेवढ्या वेळात बँकेत जाऊन येता येतं, नाहीतर नुसतं झोपता येतं. पैसा कुठून? कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सीएसआरचा पैसा कशावर खर्च करता येतो ते लिहिलंय. त्यात वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांसाठी डे केअर केंद्रं स्पष्ट शब्दांत आहेत. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांचा सीएसआर शाळेच्या भिंती रंगवण्यात आणि झाडं लावण्यात जातो, ते चांगलंच आहे. पण ज्यांनी तीस-तीस वर्षं त्यांच्या प्रेसवर हात ठेवला त्यांच्यासाठी एक हॉल मागणं म्हणजे भीक नव्हे.

प्रेसवरून आठवलं. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. ब्लड प्रेशर, मधुमेह, सिगारेट, दारू, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण वगैरे. त्यातली एक मोठी गोष्ट आहे कमी ऐकू येणं. आवाजाने जाणारे कान हा कायद्याने नोंद करायचा व्यावसायिक आजार आहे. प्रेस शॉप, फोर्जिंग, फेटलिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या किती जणांचे कान गेलेत ते त्यांच्या बायकांना विचारा, टीव्हीचा आवाज किती असतो म्हणून. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलत नाही, बोलत नाही म्हणून एकटा पडतो. आज चाकणच्या शेडमध्ये काम करणाऱ्या पोरांनो, इअर प्लग खिशात नाही, कानात घाला. आणि कंपन्यांनी ते फक्त ऑडिटच्या दिवशी वाटू नयेत. घरी म्हाताऱ्याचे कान तपासा, मशीन लागत असेल तर लावा. डिमेन्शिया जाईल असं नाही, पण त्याच्यापर्यंत आपला आवाज तरी पोचेल.

हरवण्याबद्दल. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' बघितला नसेल तर बघा. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यात अल्झायमर झालेले संस्कृतचे प्राध्यापक झालेत. गाडीतून उतरतात आणि हत्तीच्या मागे चालत निघून जातात. पुण्याच्या प्राध्यापकाला हत्ती ओढून नेतो, आमच्या दादांना पहिली पाळी. आपले म्हातारे हरवले की शोधायचं कुठे, याचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्या जुन्या आयुष्यात असतं: जुनी कंपनी, पहिली भाड्याची खोली, एसटी स्टँड. ब्रिटनमध्ये पोलिसांकडे यासाठी 'हर्बर्ट प्रोटोकॉल' आहे. घरच्यांनी आधीच एक फॉर्म भरून ठेवायचा. फोटो, औषधं, जुन्या नोकरीचा पत्ता, कुठे जाण्याची सवय. माणूस हरवला की फॉर्म पोलिसांच्या हातात, पहिला तास वाया जात नाही. आपलं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं, देहू-आळंदी-चाकणपर्यंत त्याची हद्द आहे. असा एक पानी मराठी फॉर्म काढायला खर्च शून्य. तोपर्यंत तुम्ही स्वतः तयार ठेवा, आणि एक प्रत जुन्या कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटीला द्या. आम्ही दिली आहे. दोनदा तिथूनच फोन आला. त्या गार्डने दादांना "साहेब, आज सुट्टी आहे" असं सांगून खुर्ची आणि चहा दिला. कुठल्या कोर्समध्ये शिकला नव्हता तो.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण यात लोक फार अडकतात. माणसाला समजतंय तोवरच खातं संयुक्त करा, वारस नोंदी तपासा, मृत्युपत्र करायचं तर करा. नंतर करू म्हणून घेतलेली पॉवर ऑफ ॲटर्नी, देणाऱ्याची समज गेल्यावर कायद्याने चालत नाही. मग मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं. पीएफची पेन्शन असेल तर हयातीचा दाखला वर्षाच्या आत द्या. २०१४ पासून त्या पेन्शनची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे, त्यात काय होतं हा प्रश्न वेगळा. बारा तासांच्या बाईचा आम्हाला सांगितलेला दर याच्या अठरा पट आहे. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, काढून ठेवा. पण ते हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावर. हा आजार भरती होणारा नाही, घरात राहणारा आहे, त्यामुळे रोजच्या गोळ्या आणि बाईचा पगार खिशातूनच. ज्यांची नोकरी ईएसआयची होती, किमान पाच वर्षं, आणि जे त्यातून निवृत्त झाले, त्यांना नवरा-बायको दोघांसाठी वर्षाला १२० रुपये भरून उपचार चालू ठेवता येतात असा नियम आहे. व्हेंडर कंपन्यांतल्या अनेकांना हे माहीतच नाही. चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, आपल्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा. अपंगत्वाचा दाखलाही डिमेन्शियासाठी मिळू शकतो, मानसिक आजार या गटात, चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर सवलती लागू होतात.

फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत. ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७. सांभाळणाऱ्यांनीही १४४१६ ला फोन करायचा असतो. तो फक्त पेशंटसाठी नाही.

"म्हणजे घरच्यांनी जबाबदारी झटकायची का?" अशी कमेंट येणार, ती आधीच येऊ द्या. २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा मला माहीत आहे, आणि आई-बापाला रस्त्यावर सोडणाऱ्यांबद्दल मला काही सहानुभूती नाही. पण जे सोडत नाहीत, जे घरातच करतायत, त्यांच्यासाठी आपल्याकडे काय आहे? लहान मुलांसाठी ५० कामगारांच्या वर पाळणाघर सक्तीचं आहे, ते बरोबरच आहे. बाप आजारी आहे म्हणून शिफ्ट बदलून मागणाऱ्याला मात्र सुपरवायझर म्हणतो, "सगळ्यांचेच बाप म्हातारे आहेत." अहो, तेच तर सांगतोय. सगळ्यांचेच आहेत.

मी महापालिका आयुक्त आणि पोलीस आयुक्त दोघांनाही निवेदन देणार आहे. त्याला नुसत्या सह्या नकोत, वॉर्डनिहाय घरांची संख्या जोडायची आहे. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव, आजार, फोटो काही टाकू नका. फक्त भाग लिहा. "चिखली, १." "संत तुकारामनगर, २." "कुरुळी, १." एवढंच. रविवारी रात्री दहापर्यंत आलेले आकडे मी मोजतो. पहिला माझा: निगडी, १.